पाखरांचा सोबती : रिचर्ड कीअर्टन

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशायर नावाचा एक विस्तीर्ण परगणा आहे. त्याच्या पश्चिमेकडे डोंगरांच्या रांगा असून त्यांच्यामधून स्वेल नावाची नदी खळाळत वाहते. या नदीच्या खोऱ्यास स्वेलडेल असे म्हणतात. उतारांवर दगडी गडग्यांनी आखलेली हिरवी कुरणे, त्यांत चरणारे मेंढ्यांचे कळप आणि माथ्यावर दूरवर पसरलेले ओसाड माळ, असा हा मुलूख आहे. हिवाळ्यात तेथे बर्फ पडते व वारा अंगाला झोंबतो. वसंत ऋतू आला की मात्र सारे खोरे पाखरांच्या कूजनाने भरून जाते. टिटव्या शेतांवर घिरट्या घालतात, चंडोल गात गात आकाशात चढतो आणि ओढ्याकाठच्या झुडपांत घरटी बांधण्याची लगबग सुरू होते.

या खोऱ्यातील थ्वेट नावाच्या चिमुकल्या गावी, 2 जानेवारी 1862 रोजी, एका शेतकऱ्याच्या घरी रिचर्ड कीअर्टन याचा जन्म झाला. घरची मेंढरे होती, थोडी शेतीवाडी होती, श्रीमंती नव्हती. जवळच्या म्यूकर गावातील शाळेत रिचर्ड जाऊ लागला. शाळेची वाट रानातून व कुरणांतून जाई, आणि त्या वाटेवरच त्याची दुसरी शाळा भरे. कोणत्या झुडपात कोणत्या पाखराने घर केले आहे, कोणत्या घरट्यात किती अंडी आहेत, पिले केव्हा बाहेर आली, हे सारे त्याला मुखोद्गत असे.

त्या काळी इंग्लंडातील खेड्यापाड्यांत मुलांना पक्ष्यांची अंडी गोळा करण्याचा मोठा नाद असे. निरनिराळ्या जातींची अंडी आणावयाची, त्यांतील बलक काढून टाकावयाचा आणि रिकामी कवचे पेटीत मांडून ठेवावयाची, हा त्यांचा खेळ होता. थोर माणसेही याच मार्गाने जात. एखाद्या दुर्मिळ पक्ष्याचा अभ्यास करावयाचा म्हणजे आधी त्याला बंदुकीने टिपावयाचे आणि मग त्याच्या कातड्यात पेंढा भरून तो काचेच्या कपाटात ठेवावयाचा, अशीच रीत होती. पाखरू हाती आले म्हणजे त्याचे ज्ञान हाती आले, असे लोकांना वाटे. घरट्यांच्या मागे हिंडणाऱ्या रिचर्डला तरी दुसरे काही कोठून ठाऊक असणार?

एके दिवशी या नादाची त्याला फार मोठी किंमत द्यावी लागली. घरट्याच्या शोधात तो एका झाडावर चढला असता त्याचा तोल गेला आणि तो खाली कोसळला. त्याच्या कमरेच्या सांध्याला जबर दुखापत झाली. खेड्यात चांगला वैद्य मिळणे कठीण होते. जे उपचार झाले ते चुकीचे झाले आणि त्याचा एक पाय कायमचा अधू झाला. त्यानंतर उभे आयुष्य रिचर्ड लंगडत चालला.

डोंगरात राहणाऱ्या मुलाचा पाय जाणे ही लहानसहान आपत्ती नव्हे. बरोबरीची मुले कडे चढत, ओढे ओलांडत, शर्यती लावीत; रिचर्ड मात्र मागे पडे. परंतु तो घरात बसून राहिला नाही. शाळा संपल्यावर तो मेंढरांमागे डोंगर हिंडू लागला. धावणे त्याला शक्य नव्हते, म्हणून तो सावकाश चाले आणि वारंवार थांबे. थांबला की तो पाही आणि ऐके. घाईने जाणाऱ्याच्या नजरेतून जे निसटते ते या सावकाश चालणाऱ्याच्या दृष्टीस पडू लागले. पुष्कळ वेळ हालचाल न करता बसून राहिले की पाखरे आपली भीती विसरतात आणि जवळ येतात, हे त्याच्या ध्यानी आले. पक्ष्यांचे आवाजही तो इतके हुबेहूब काढू लागला की खुद्द पक्षीच फसत.

याच विद्येने त्याच्या आयुष्याला वेगळे वळण लावले. स्वेलडेलच्या माळांवर तित्तिराच्या कुळातील ग्राउझ नावाचा तांबूस पक्षी आढळतो. त्याच्या शिकारीसाठी दरवर्षी शहरातील श्रीमंत लोक तेथे येत. 1882 सालच्या हंगामात आलेल्या मंडळींत सिडने गॅल्पिन नावाचे एक गृहस्थ होते. लंडनमधील कॅसल या प्रसिद्ध ग्रंथप्रकाशन संस्थेशी त्यांचा संबंध होता. त्यांच्यादेखत रिचर्डने ग्राउझच्या नराचा आवाज काढला आणि तो रानटी पक्षी साद देत जवळ आला. वीस वर्षांच्या या खेडवळ मेंढपाळाचे निसर्गज्ञान पाहून गॅल्पिन चकित झाले आणि त्यांनी त्याला आपल्या संस्थेत नोकरी देऊ केली. रिचर्डने आपले खोरे सोडले आणि तो लंडनच्या गजबजलेल्या कचेरीत दाखल झाला.

शहरात गेला तरी त्याचे मन रानातच होते. सुटीचा दिवस उगवला की तो शहराबाहेरच्या कुरणांची आणि झाडीची वाट धरी. काही वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ चेरी हाही लंडनला आला आणि त्याच संस्थेत काम करू लागला. चेरी रिचर्डपेक्षा नऊ वर्षांनी लहान होता. त्याचे पाय दणकट होते, अंगात विलक्षण चपळाई होती आणि भय कशाला म्हणतात हे त्याला ठाऊक नव्हते. दोघा भावांची जोडी जमली. थोरल्याने घरटे हेरावे आणि पाखराची रीतभात सांगावी. धाकट्याने झाडावर चढावे, कड्यावरून उतरावे. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली.

रिचर्ड आता पक्ष्यांविषयी लिहूही लागला होता. 1890 साली घरटी, अंडी आणि अंड्यांचा संग्रह या विषयावरील त्याचे एक पुस्तक निघाले. म्हणजे बालपणीची ती रीत अजून पुरती सुटली नव्हती. ती सुटण्याचा मार्ग त्याला एका साध्या घटनेने दाखविला.

1892 सालच्या एप्रिल महिन्यात दोघे भाऊ लंडनच्या उत्तरेस एन्फील्डजवळ हिंडत होते. हिंडता हिंडता त्यांना एका गाणाऱ्या कस्तुर पक्ष्याचे घरटे दिसले. मातीने लिंपलेल्या त्या सुबक वाटीत काळे ठिपके असलेली सुंदर निळी अंडी होती. चेरीने अलीकडेच एक साधा कॅमेरा घेतला होता. घरट्याला हात न लावता त्याने तेथल्या तेथे त्याचे छायाचित्र काढले. ते चित्र पाहताच रिचर्डच्या मनात एक कल्पना चमकली. घरटे जसे होते तसेच झुडपात राहिले, अंडीही जागच्या जागी राहिली, आणि तरीही ते सारे दृश्य आपल्यासोबत घरी आले. मग पक्ष्यांवरील पुस्तकात हाताने काढलेली चित्रे कशाला हवीत? सारी चित्रे प्रत्यक्ष निसर्गात जाऊन कॅमेऱ्यानेच का टिपू नयेत?

आज हे बोलणे सोपे वाटते. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडाची एक जड पेटी असे. तिच्यासोबत तिपाई, डोक्यावरून घ्यावयाचे काळे कापड आणि काचेच्या जड पट्ट्या वाहून न्याव्या लागत. एका पट्टीवर एकच चित्र उमटे. ती वाया गेली की दुसरी घालावी लागे, आणि तेवढ्या वेळात पाखरू कोठच्या कोठे उडून जाई. उजेड कमी असला तर पट्टीवर पुष्कळ वेळ प्रकाश पडू द्यावा लागे. तेवढ्यात पाखराने मान जरी हलविली तरी चित्र पुसट होई. असे ओझे घेऊन दोघे भाऊ मैलोगणती पायपीट करीत, आणि तीही कचेरीच्या कामातून उरलेल्या वेळात. घरटे उंचावर असले की चेरी तिपाईचे पाय काठ्या बांधून लांब करी आणि स्वतः रिचर्डच्या खांद्यांवर उभा राहून कॅमेऱ्यात पाही. अधू पायाचा रिचर्ड भावाचा भार तोलून निश्चल उभा राही.

तीन वर्षांच्या परिश्रमानंतर, 1895 साली, ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मजकूर रिचर्डचा आणि छायाचित्रे चेरीची होती. निसर्गात जाऊन टिपलेल्या छायाचित्रांनीच संपूर्ण सजविलेले असे पुस्तक लोक प्रथमच पाहत होते. पेंढा भरलेल्या पाखरांच्या जागी त्यांना आपल्या घरट्यातील खरी पाखरे दिसली.

पण सर्वांत कठीण काम पुढेच होते. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या किनाऱ्यांवर समुद्रातून सरळ उभे राहिलेले प्रचंड कडे आहेत. उन्हाळ्यात तेथे लाखो समुद्रपक्षी येतात. गिलिमट नावाचा पक्षी घरटे म्हणून मुळीच बांधीत नाही. कड्याच्या अरुंद धारेवर, उघड्या खडकावर, तो एकच अंडे घालतो. ते अंडे एका टोकाला निमुळते असल्यामुळे उतरत्या खडकावरही बरेच स्थिर राहते. असली दृश्ये टिपण्यासाठी चेरी कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरे. पाठीवर कॅमेरा, डोक्यावर कर्कश ओरडणारी पाखरे आणि खाली खडकांवर फुटणाऱ्या लाटा, अशा स्थितीत तो लोंबकळत चित्र काढी.

1896 सालच्या उन्हाळ्यात दोघे भाऊ सेंट किल्डा बेटांवर गेले. स्कॉटलंडच्या पश्चिमेस, भर अटलांटिक महासागरात, ही बेटे एकाकी उभी आहेत. तेथील एक कडा तर समुद्रापासून चारशे मीटरांहूनही उंच आहे. त्या काळी बेटावर थोडी माणसे वस्ती करून होती. तेथे झाडे वाढत नाहीत. शेतीही जेमतेमच होई. म्हणून बेटकरी फुल्मर, गॅनेट आणि पफिन या समुद्रपक्ष्यांवर आपली गुजराण करीत. पक्ष्यांचे मांस ते खात, पिसे विकत आणि फुल्मरच्या तेलावर दिवे लावीत. तेथील पुरुष अनवाणी पायांनी, एका दोराच्या आधारे, ते भयंकर कडे उतरत. कीअर्टन बंधूंनी त्या बेटावरील पाखरांची आणि माणसांचीही छायाचित्रे काढली. पुढे त्या बेटावर राहणे अशक्य झाले आणि 29 ऑगस्ट 1930 रोजी शेवटचे छत्तीस रहिवासी आपली घरे सोडून निघून गेले. त्या लुप्त झालेल्या जीवनाची काही ओळख आज कीअर्टन बंधूंच्या छायाचित्रांतून होते.

कड्यावरील पाखरांपेक्षाही कुरणांतील लाजाळू पाखरे अधिक त्रास देत. माणूस दिसला की ती घरट्याकडे फिरकतच नसत. यावर रिचर्डने आपल्या मेंढपाळपणाच्या दिवसांतील एक निरीक्षण आठवले. माळावर चरणाऱ्या गुरांना आणि मेंढरांना पाखरे भीत नाहीत. मग आपणच गुराचे रूप का घेऊ नये? 1900 साली त्याने बैलाचे कातडे मिळवून ते एका हलक्या लाकडी सांगाड्यावर चढविले. हा पोकळ बैल कुरणात नेऊन उभा करावयाचा, कॅमेऱ्यासह त्याच्या पोटात शिरावयाचे आणि कातड्यातील एका भोकातून बाहेर पाहावयाचे, अशी ती युक्ती होती. आत अवघडून उभे राहताना घामाच्या धारा लागत आणि पाय बधिर होत. एकदा तर तो बैल आतील माणसासह कलंडला. परंतु पाखरे मात्र खरोखरच फसली. ज्या चंडोलाच्या जवळ जाणे कठीण, ती पाखरे बैलासमोर निर्धास्तपणे आपल्या पिलांना भरवू लागली.

बैलाप्रमाणेच झाडाचा बनावट बुंधा, बनावट खडक आणि पेंढा भरलेली मेंढी अशी अनेक सोंगे या भावांनी सजविली. मेंढीच्या पोटात कॅमेरा ठेवीत आणि दूर बसून लांब नळीच्या साहाय्याने त्याची कळ दाबीत. आज वन्य प्राण्यांची छायाचित्रे घेणारे लोक लपण्यासाठी जे आडोसे उभारतात, त्यांचे पूर्वज म्हणजे ही कीअर्टन बंधूंची सोंगे होत. मात्र या सर्व सोंगांचे मर्म त्या लंगड्या मुलाने लहानपणीच ओळखले होते : पाखराला पाहावयाचे असेल तर आपण तेथे आहोत हेच त्याला विसरू द्यावे.

1898 साली रिचर्डने कचेरीतील नोकरी सोडली आणि लेखन व व्याख्याने यांनाच वाहून घेतले. त्याची पुस्तके एकामागून एक प्रसिद्ध होत गेली. गावोगावी जाऊन तो दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर मोठी चित्रे दाखवी आणि पाखरांच्या गोष्टी सांगे. व्यासपीठावर लंगडत येणारा हा मनुष्य बोलू लागला की सभागृह भान हरपून ऐकत राही. ज्यांनी पाखरू बंदुकीच्या टप्प्यातच पाहिले होते, त्यांना त्याने पिलाच्या चोचीत घास भरविणारी आई दाखविली. अंडी पेटीत ठेवणाऱ्या मुलांना त्याने त्या अंड्यांतून काय बाहेर येते ते दाखविले.

चेरीने पुढे आपली स्वतंत्र वाट धरली. 1900 साली त्याने रानातील पक्ष्यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. मग चलच्चित्रांचा कॅमेरा घेऊन तो आफ्रिकेसारख्या दूरदेशी गेला आणि तेथील वन्य प्राण्यांचे चित्रपट त्याने तयार केले. त्याचा पेंग्विन पक्ष्यांवरील चित्रपट लहानपणी पाहून मोहून गेलेल्या मुलांत डेव्हिड ॲटनबरो हेही होते. पुढे ते स्वतः निसर्गपटांचे जगप्रसिद्ध निर्माते झाले. चेरीचा मृत्यू 1940 साली झाला. इंग्लंडमधील रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याच्या नावाने एक पदक ठेवले आहे.

रिचर्डने 1926 साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि 8 फेब्रुवारी 1928 रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्याने या जगाचा निरोप घेतला. थ्वेट गावातील त्यांच्या घराच्या दारावरील दगडात आज पशुपक्ष्यांच्या आकृती कोरलेल्या दिसतात, आणि म्यूकरच्या जुन्या शाळेच्या भिंतीवर दोघा भावांच्या नावांच्या पाट्या लावलेल्या आहेत. रिचर्डच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी, 1954 साली, ब्रिटनमध्ये पक्षीसंरक्षणाचा कायदा झाला आणि बहुतेक रानपक्ष्यांची अंडी उचलणे हा गुन्हा ठरला. त्या कायद्यामागे अनेकांचे परिश्रम होते. परंतु लोकांच्या मनात पाखरांविषयी माया उत्पन्न करणाऱ्यांत कीअर्टन बंधूंची गणना अवश्य करावी लागेल.

काळ पुढे जातो तसतसे शहाणपणही वाढते. घरट्याशी फार जवळीक केली तर आईबाप पिलांना सोडून जाण्याचा संभव असतो, हे आज अधिक चांगले कळलेले आहे. म्हणून आजचे जाणते छायाचित्रकार घरट्यापासून दूर राहतात आणि लांबूनच पाखरे टिपतात. तेही रिचर्डनेच दाखविलेल्या वाटेवरचे एक पुढचे पाऊल म्हणावे लागेल.

अंड्यांच्या लोभाने एक मुलगा झाडावर चढला आणि आपला पाय गमावून बसला. त्याने पाखरांवर राग धरला नाही, की दैवाला बोल लावीत घरीही तो बसला नाही. अधू पायाने जेवढे चालवले तेवढे तो चालला आणि जेथे थांबावे लागले तेथे थांबून डोळे भरून पाहू लागला. हळूहळू पाखरांचे काहीच न घेता त्यांच्याजवळ कसे जावे, हे त्याला उमगले. एन्फील्डच्या झुडपातील ती निळी अंडी त्याने हलविली नाहीत, आणि म्हणूनच ती आजही त्याच्या नावाबरोबर आठवली जातात.